धानाच्या मुळाशी

मृदा आरोग्य पत्रिका आता गोंदिया जिल्ह्यातल्या पुष्कळ घरांत सापडते. कुणी ती पासबुकात घडी घालून ठेवतो, कुणी आढ्याला खोचून विसरून जातो. केंद्र सरकारने 2015 साली ही योजना आणली. पत्रिकेवर बारा रकाने असतात: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल आणि बोरॉन. मंगल म्हणजे आपलं मँगनीज. यात जस्त, लोह, तांबे आणि मंगल असे चार धातू आले. पण ते मोजण्यामागे काळजी एकच, पिकाला यातलं काही कमी तर पडत नाही ना?

आर्सेनिक, कॅडमियम आणि शिसं यांना या पत्रिकेत जागा नाही. पिकाला काय हवं ते ती सांगते. नको ते पिकाने घेतलं आहे का, हे तिच्यावरून कळत नाही.

हा दुसरा प्रश्न गोंदियात विचारण्याला कारण आहे. 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा आठ तालुक्यांचा जिल्हा धानावर जगतो. धान इथे पिकतं, इथेच भरडलं जातं आणि दोन्ही वेळा ताटात असतं. आता आजूबाजूला पाहा. बाघ नदी ओलांडून उत्तरेला गेलं की बालाघाट जिल्हा लागतो. तिथे भरवेलीची प्रचंड खोल मंगल खाण आहे, आणि पुढे मलाजखंडला हिंदुस्तान कॉपरची तांब्याची खाण. पश्चिमेला भंडारा जिल्ह्यातल्या तुमसर तालुक्यात डोंगरी बुजुर्ग आणि चिखला या मॉइलच्या मंगल खाणी. खुद्द तिरोड्यात 3300 मेगावॅटचं कोळशावरचं वीजकेंद्र. आपल्या कोळशात तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त राखच निघते. कोळशात अत्यल्प प्रमाणात असलेले आर्सेनिक, क्रोमियम, शिसं यांसारखे घटक जळून नाहीसे होत नाहीत. त्यातले बरेचसे राखेत उरतात.

पूर्वेकडची गोष्ट या सगळ्यांपेक्षा जुनी आहे, कारण तिचं मूळ कारखान्यात किंवा खाणीत नाही, खडकातच आहे. राजनांदगावच्या दक्षिणेला अंबागढ चौकी भागात कौडीकसा नावाचं गाव आहे. तिथल्या विहिरी आणि हातपंपांच्या पाण्यात आर्सेनिक असल्याचं आणि लोकांच्या कातडीवर त्याच्या खुणा उमटल्याचं जाधवपूर विद्यापीठाच्या दीपांकर चक्रवर्ती यांच्या पथकाने 1999 साली ‘करंट सायन्स’मध्ये मांडलं. त्याआधी भारतात आर्सेनिक म्हटलं की गंगेच्या गाळाचा बंगाल आठवायचा. इथे गाळ नव्हता, होता तो कठीण खडक. पुढे रायपूरच्या पं. रविशंकर शुक्ल विद्यापीठातल्या के. एस. पटेल आणि सहकाऱ्यांनी त्या भागातलं पाणी, माती आणि तांदूळ तपासून 2005 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. तांदळातही आर्सेनिक होतं.

हे खडक भूगर्भशास्त्रात डोंगरगड-कोटरी पट्टा म्हणून ओळखले जातात. त्याच पुस्तकांत ‘आमगाव नाइस’ हे नावही भेटतं. ते आपल्याच आमगावचं आहे. गावावरून ओळखला जाणारा हा खडक अडीच अब्ज वर्षांच्या आसपासचा, भारतातल्या फार जुन्या खडकांपैकी एक. गावात याची फारशी कुणाला कल्पना नसते, असायचं कारणही नाही.

या सगळ्याचा अर्थ गोंदियाच्या तांदळात विष आहे असा नाही. हे मी आधीच लिहून ठेवतो, नाहीतर उद्या कुणी हा लेख दाखवून व्यापाऱ्याशी भाव पाडायला बसेल. अर्थ इतकाच की धान आणि धातू यांचं नातं समजून घ्यायला महाराष्ट्रात याहून योग्य जिल्हा नाही.

सप्टेंबरात अर्जुनी मोरगावच्या बाजूला एका बांधीत उतरून धानाचं एक चूड उपटलं आणि धुऱ्यालगतच्या पाण्यात खळखळून धुतलं. चिखल निघून गेला, मुळांचा रंग मात्र गेला नाही. जुनी मुळं गंजासारखी तांबूस-लाल, टोकाकडची कोवळी मुळं स्वच्छ पांढरी. चिमटीत धरून घासलं तर बोटांना तांबूस पूड लागली. धुऱ्यावर उभे असलेले वयस्क शेतकरी म्हणाले, “पान्यात उभं असते नं जी, मंग लाल होतेच. काळं झालं तं घोर.”

त्यांचं म्हणणं प्रयोगशाळेलाही तंतोतंत मान्य आहे. भरलेल्या बांधीत चिखलाला हवा मिळत नाही. तिथलं लोखंड विरघळून पाण्यात उतरतं. धानाला मात्र पाण्यात उभं राहायची सोय आहे. पानातून येणारी हवा खोडातल्या पोकळ नळ्यांतून मुळांपर्यंत पोचते आणि मुळाच्या कातडीतून थोडी बाहेर झिरपते. त्या प्राणवायूला विरघळलेलं लोखंड भेटलं की गंज तयार होतो आणि मुळावरच बसतो. मातीतल्या आर्सेनिकला लोखंडाच्या गंजाची फार ओढ, त्यामुळे बरंच आर्सेनिक तिथेच चिकटून राहतं. रोपाचा हा पहिला बचाव, तोही पेशीच्या आत पाऊल पडण्याआधीचा.

पण पांढऱ्या टोकांवर गंज नसतो, आणि अन्न शोषायचं काम मुख्यतः ही कोवळी मुळंच करतात.

मुळाच्या प्रत्येक पेशीभोवती पातळ पडदा असतो आणि त्या पडद्यात प्रथिनांची दारं असतात. प्रत्येक दाराचा आराखडा एकेका जनुकात लिहिलेला. आर्सेनिकसाठी किंवा कॅडमियमसाठी वेगळं दार कुठल्याच झाडाने कधी बांधलेलं नाही. बांधेल कशाला? विष आत येतं ते गरजेच्या वस्तूंसाठी ठेवलेल्या दारांतून, त्या वस्तूंसारखंच दिसून. या विषयात मला सर्वांत विलक्षण वाटलेली गोष्ट हीच.

पहिलं दार सिलिकॉनचं. धानाइतकं वाळूतत्त्वाचं हावरट पीक क्वचितच सापडेल. वाळलेल्या तणसाच्या वजनातला दहावा हिस्सा सिलिका असू शकतो. तणस उपसताना हाताला जे कापतं ते तेच. हे सिलिकॉन मुळात कसं शिरतं याचा शोध जपानच्या ओकायामा विद्यापीठातल्या जियान फेंग मा यांच्या गटाने लावला. एलएसआय-1 हे आत घेणारं जनुक त्यांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलं आणि एलएसआय-2 हे पुढे खोडाकडे ढकलणारं जनुक 2007 मध्ये. 2008 मध्ये त्याच गटाने दाखवलं की भरल्या बांधीत आर्सेनिक ज्या रूपात असतं, ते रूपही याच दोन दारांतून जातं. दोन्हींचे रेणू आकाराने जवळपास सारखे आणि दोघांवरही विद्युतभार नाही. दाराला फरक कळत नाही. गहू किंवा ज्वारीपेक्षा तांदळात आर्सेनिक का जास्त, याचं अर्धं उत्तर इथे मिळतं. उरलेलं अर्धं उत्तर पाण्याने भरलेली बांधी.

बांधी सुकली तर आर्सेनिक रूप बदलतं आणि फॉस्फेटसारखं दिसू लागतं. मग ते स्फुरदाच्या दारातून शिरतं.

कॅडमियमची तऱ्हा वेगळी. त्याला आत घेणारं मुख्य दार मंगलाचं, जनुकाचं नाव एनरॅम्प-5. हे 2012 मध्ये कळलं. जस्ताची दारंही कॅडमियमला अडवत नाहीत, कारण आवर्त सारणीत कॅडमियम जस्ताच्या बरोबर खालच्या घरात बसतं. जस्ताशिवाय धानाचं चालत नाही हे तर आपल्याकडे शेतकऱ्यालाच आधी कळतं. पानांवर तांबूस डाग पडून रोप खुरटलं की तो खैरा रोग, आणि त्याचं मूळ जस्ताची कमतरता. पंतनगरच्या वाय. एल. नेने यांनी 1966 मध्ये हे दाखवून दिलं आणि तेव्हापासून झिंक सल्फेटचं पोतं धानपट्ट्यात आलं. दार बंद करावं तर उपासमार, उघडं ठेवावं तर चोरी.

मग आत शिरलेल्याचं रोप करतं काय?

या प्रश्नाचं पहिलं मोठं उत्तर सर्पगंधेने दिलं. मध्य भारताच्या जंगलांतली ही वनस्पती वैदूंच्या ओळखीची. तिच्यातून निघालेल्या औषधाने पन्नासच्या दशकात जगभर रक्तदाबाचे उपचार बदलले. म्युनिकमध्ये एर्विन ग्रिल, विनाकर आणि झेंक हे शास्त्रज्ञ सर्पगंधेच्या पेशी बाटलीत वाढवत होते. त्यांना कॅडमियम पाजल्यावर पेशींनी गंधकाने भरलेल्या छोट्या साखळ्या तयार केल्या. या साखळ्या धातूला चहूबाजूंनी धरतात आणि निकामी करतात. 1985 मध्ये ‘सायन्स’ने हा शोध छापला, आणि साखळ्यांना फायटोकेलॅटिन हे नाव मिळालं. त्या बनवणारं जनुक 1999 मध्ये तीन वेगवेगळ्या गटांना एकाच वेळी सापडलं. बनवणारं प्रथिन पेशीत आधीपासून स्वस्थ बसलेलं असतं, धातू आला की तोच त्याला जागं करतो.

धरलेला धातू नुसता धरून ठेवून भागत नाही, कुठेतरी ठेवावा लागतो. वनस्पतीच्या पेशीत मध्यभागी पाण्याने भरलेली मोठी पिशवी असते, तिला रिक्तिका म्हणतात. धातू तिच्यात कोंडून ठेवला की पेशीच्या कामकाजाला बाधा नाही. धानाच्या मुळात कॅडमियम रिक्तिकेत ढकलणारं जनुक एचएमए-3. ते 2010 मध्ये ओळखलं गेलं. काही वाणांत हे जनुक मोडकं असतं. त्या वाणांचं रोप हिरवंगार दिसतं, उताराही बरा देतं, फक्त कॅडमियम मुळात थांबत नाही आणि दाण्यापर्यंत चढतं. आर्सेनिकसाठी असंच काम एबीसीसी-1 करतं. हे 2014 मध्ये कळलं, आणि जागाही मोठी मोक्याची निघाली. लोंबीच्या अगदी खालच्या पेरात, जिथून दाण्याकडे जाणारे रस्ते फुटतात, तिथल्या पेशींत हे जनुक फायटोकेलॅटिनने बांधलेलं आर्सेनिक रिक्तिकेत लोटून देतं. दाण्यात बियाणं आहे, म्हणजे पुढची पिढी. तिला वाचवण्यासाठी शेवटचा पहारा तिथे.

मंगलाच्या बाबतीत तर धान भलतंच सोशिक. भरल्या बांधीत मंगल भरपूर विरघळतं आणि इतर कित्येक पिकं त्या प्रमाणाने करपून जातील. धान पानांत ते बिनबोभाट साठवतं. त्यामागे एमटीपी-8.1 नावाचं जनुक आहे. मंगल खाणींच्या शेजारी वर्षानुवर्षं धान पिकत आलं, त्यात या जनुकाचा वाटा असणारच.

इथे एका गल्लतीबद्दल लिहायला हवं. ‘धातू सहन करणारं पीक’ असं वर्तमानपत्रात वाचलं की आपण खूश होतो. पण सहन करणं रोपाचं, खाणं आपलं. नेचे वर्गातली टेरिस व्हिटाटा ही वनस्पती जुन्या ओलसर भिंतींवर वाढते. ती मातीतलं आर्सेनिक शोषून पानांत गच्च साठवते आणि तरी टवटवीत राहते, असं 2001 मध्ये फ्लोरिडात आढळलं. न्यू कॅलेडोनिया बेटावरच्या एका झाडाचा चीक निळसर-हिरवा असतो, कारण वाळवल्यावर त्या चिकाच्या वजनाचा चौथा हिस्सा निव्वळ निकेल. सहनशीलतेत यांचा हात कुणी धरणार नाही, पण यांची भाजी कोण खाईल? धानाकडून आपल्याला निराळी सहनशीलता हवी आहे. जे आत घेतलं ते मुळात गाडून टाकणारी, फार तर तणसापर्यंत जाऊ देणारी, दाण्याला न शिवू देणारी. या दोन प्रकारांची जनुकं बरीचशी तीच असतात. फरक असतो ती कुठे आणि किती जोरात चालू आहेत यात.

दाण्यात पोचल्यावर किती म्हणजे जास्त? पांढऱ्या तांदळासाठी कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकाने असेंद्रिय आर्सेनिकची मर्यादा किलोला 0.2 मिलिग्रॅम ठेवली आहे, कॅडमियमची 0.4. पिण्याच्या पाण्यात जागतिक आरोग्य संघटनेची आर्सेनिकची मर्यादा लिटरला 10 मायक्रोग्रॅम. आता झाडीपट्टीतल्या माणसाचा हिशोब करू. दिवसाला 400 ग्रॅम तांदूळ ही रोवणीला जाणाऱ्यासाठी काही मोठी गोष्ट नाही. मर्यादेला टेकलेल्या तांदळातून त्याच्या पोटात 80 मायक्रोग्रॅम जाईल. मर्यादेला टेकलेलं पाणी तीन लिटर प्यायलं तरी 30. म्हणजे दोन्ही गोष्टी मर्यादेत बसूनही तांदूळ पाण्याला मागे टाकतो. ही मर्यादा ठरवताना रोज भात खाणाऱ्या कष्टकऱ्याचं ताट डोळ्यांसमोर होतं का, अशी मला शंका येते.

कॅडमियमयुक्त भाताचं काय होतं ते जपानने भोगलं. तोयामा प्रांतातून वाहणाऱ्या जिंझू नदीच्या वरच्या अंगाला मित्सुई कंपनीची कामिओका खाण. तिचं सांडपाणी नदीत, नदीचं पाणी भातखाचरांत. गावातल्या बायका, विशेषतः बाळंतपणं झालेल्या, हाडं मोडून अंथरुणाला खिळल्या. त्यांच्या कण्हण्यावरूनच रोगाचं नाव पडलं, इताई-इताई. 1968 मध्ये जपान सरकारने तो प्रदूषणजन्य रोग म्हणून मान्य केला. खाचरांतली माती उपसून नवी माती टाकायला पुढची कित्येक दशकं आणि अफाट पैसा गेला.

माती बदलण्यापेक्षा दार बंद करावं हा विचार त्यानंतरचा. जपानी शास्त्रज्ञांनी कोशिहिकारी या लाडक्या वाणाच्या बियांवर कार्बनच्या आयनांचा मारा केला आणि हजारो रोपांतून अशी रोपं वेचली, ज्यांच्या दाण्यात कॅडमियम जवळजवळ नाही. तपासल्यावर कळलं की त्यांचं एनरॅम्प-5 मोडलेलं होतं. हे 2012 मध्ये प्रसिद्ध झालं. त्या वाणापासून अकिता प्रांताने ‘अकिता कोमाची आर’ तयार केला आणि 2025 पासून जुन्याच्या जागी तो आणला. तिकडच्या ग्राहकांत त्यावरून वाद झाले. रोपाची तक्रार वेगळीच होती. मंगलाचं दारच बंद झाल्यामुळे ज्या जमिनीत मंगल कमी, तिथे तपकिरी ठिपक्यांचा रोग वाढायची भीती. माझा अंदाज असा की बालाघाट-तुमसरच्या बाजूला, जिथे मंगलाला तोटा नाही, तिथे असं वाण कमी कुरकुरेल.

मला या सगळ्या संशोधनात आवडलेली गोष्ट मात्र केरळची आहे. समुद्राकाठच्या खाऱ्या पाण्यात वाढणारं पोक्काली हे जुनं धान. त्याच्या दाण्यात कॅडमियम कमी का, याचं उत्तर 2022 मध्ये ‘नेचर फूड’मध्ये आलं, तेही मा यांच्या गटाकडून. जपान्यांनी जे जनुक मोडलं, पोक्कालीत तेच एकाशेजारी एक असं दोनदा आहे! दार दुप्पट झालं तर विषही दुप्पट शिरायला हवं. मुळात शिरतंही. पण मंगल त्याहून कितीतरी जास्त शिरतं आणि वर खोडात जायच्या वाटेवर कॅडमियमला जागाच ठेवत नाही. विष मुळातच अडकून पडतं आणि रोप मंगलाला मुकत नाही. कुठल्या शास्त्रज्ञाने हा उपाय कागदावर मांडला असता तर सहकाऱ्यांनी त्याला वेड्यात काढलं असतं.

म्हणून आपल्या लुचई, हिरानक्की, दुबराज, चिन्नोर यांच्याकडे नुसतं ‘वारसा’ म्हणून पाहणं मला अपुरं वाटतं. बालाघाटच्या चिन्नोरला 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, मागोमाग भंडाऱ्याच्याही चिन्नोरला. मिळालं ते वासासाठी आणि चवीसाठी. यातलं कुठलं वाण धातू मुळाशी अडवतं हे पाहायला बियाणं हाताशी आहे आणि साकोली-सिंदेवाहीची धान संशोधन केंद्रंही जवळ आहेत. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांनी 1983 च्या सुमारास शेतातल्या वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या वेचून एचएमटी हे वाण घडवलं. तशी नजर पुन्हा व्हायची नाही. पण दाणा बारीक आहे हे डोळ्याला दिसतं, त्यात कॅडमियम आहे की नाही हे दिसत नाही. इथे यंत्राशिवाय इलाज नाही. हे काम भारतात झालेलंच नाही असं नाही. पश्चिम बंगालच्या चिनसुरा धान संशोधन केंद्राने आणि लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेने मिळून कमी आर्सेनिक घेणारं ‘मुक्तोश्री’ वाण काढलं, तेही पारंपरिक निवडीने.

वाण हाताशी येईपर्यंत शेतकऱ्याच्या हातात काय उरतं? पाणी आणि राख.

पाण्याचं गणित मोठं खट्याळ आहे. बांधी सतत भरलेली ठेवली तर कॅडमियम गंधकाशी बांधलं जाऊन चिखलात बसतं, पण आर्सेनिक सुटं होतं. बांधी आळीपाळीने सुकवली, जसं ‘श्री’ पद्धतीत करतात, तर आर्सेनिक गंजाला चिकटून बसतं आणि कॅडमियम मोकळं होतं. एकाला दाबलं की दुसरं वर येतं. म्हणून सगळ्या जिल्ह्याला एकच सल्ला देता येत नाही, बांधीत मुळात काय आहे ते आधी कळायला हवं. पावसाळी धान मामा (माजी मालगुजारी) तलावांच्या आणि पावसाच्या पाण्यावर. उन्हाळी धान मात्र अनेक ठिकाणी बोअरच्या पाण्यावर उभं, आणि खडकातलं आर्सेनिक असलंच तर ते तिथूनच यायचं. तलावाचं पाणी आणि बोअरचं पाणी यांना एका मापाने मोजणं चूक ठरेल.

राखेची गोष्ट तर गोंदियात दारात पडलेली आहे. एक क्विंटल धान भरडलं की साधारण वीस किलो तूस निघतं. ते जाळलं की चारेक किलो राख उरते आणि त्या राखेत ऐंशी-नव्वद टक्के सिलिका. उसना तांदूळ करणाऱ्या गिरण्यांचे बॉयलर याच तुसावर चालतात. गिरणीच्या मागे काळ्या राखेचे ढीग असतात, वारं सुटलं की वाळत घातलेले कपडे काळे होतात आणि भांडणं लागतात. पण आर्सेनिक ज्या दारातून शिरतं तिथे सिलिकॉनची गर्दी केली तर आर्सेनिक मागे पडतं. अमेरिकेत डेलावेर विद्यापीठातल्या अँजेलिया सायफर्थ यांच्या गटाने तूस आणि तुसाची राख वापरून हे पडताळलं आहे. ताजं तणस भरल्या बांधीत गाडलं तर मात्र उलटा परिणाम होऊ शकतो, ते कुजताना आर्सेनिक सुटं करतं. गंमत म्हणजे आपल्याकडे डॉ. नारायण सावंत यांनी मांडलेल्या चारसूत्री भातशेतीत पहिलंच सूत्र भाताच्या अवशेषांच्या फेरवापराचं आहे, आणि रोपवाटिकेत तुसाची काळी राख मिसळायची शिफारस त्यातच येते. त्यांचा हेतू सिलिकॉन मिळून रोप कणखर व्हावं हा होता. आर्सेनिकचा संबंध जगाला नंतर कळला.

फक्त दोन राखांची गल्लत होऊ नये. तुसाची राख वेगळी, कोळशाची वेगळी. दोन्ही करड्या-काळ्या आणि दोन्ही फुकट मिळतात, त्यामुळे ही गल्लत सहज होते. कोळशाच्या राखेवर किंवा खाणींच्या ढिगांवर झाडं लावण्याचं शास्त्र निराळं, आणि त्यात नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने मोठं काम केलं आहे. सावनेर तालुक्यातल्या गुमगाव मंगल खाणीच्या उघड्या ढिगांवर आशा जुवारकर यांच्या गटाने साखर कारखान्यातली मळी, नत्र बांधणारे जिवाणू आणि मुळांशी नातं जोडणारी बुरशी वापरून झाडं जगवली. तिथे झाडाच्या जनुकांना एकट्याने लढावं लागलं नाही. बुरशीच्या तंतूंनी बराच धातू स्वतःकडे अडवला. कोराडीच्या वीजकेंद्राच्या राखेवर नीरीने बांबू उभा केला. हे सगळं खायचं नाही, म्हणून धातू पानात गेला तरी चालतो.

यावरून बेशरम आठवलं. दक्षिण अमेरिकेतून आलेलं हे झुडूप राखेच्या तळ्यांवर आपोआप उगवतं आणि धातू पचवून तिथे पाय रोवतं. उत्तर प्रदेशातल्या राखतळ्यांवर तर त्याचा अभ्यासही झाला आहे. अर्जुनी मोरगावच्या तलावांत मात्र त्याच बेशरमने मासळी आणि देशी पाणवनस्पतींची जागा खाल्ली. तलावांसाठी काम करणारे मनीष राजनकर आणि ढिवर समाजातल्या बायका यांनी वर्षानुवर्षं ते उपटून तिथे स्थानिक वनस्पती लावल्या, आणि बरंच केलं. राखेवर जे कौतुकाचं, ते तलावात नको. ज्या तलावातून शिंगाडा बाजारात जातो आणि ज्याचं पाणी पाटाने बांधीत उतरतं, तिथे धातू शोषणारी वनस्पती लावायची टूम कुणी काढलीच, तर ती कापून नेणार कुठे, हे आधी विचारावं.

नव्या तंत्राचं दारही आता उघडलं आहे. बाहेरचं जनुक न घालता रोपाचंच जनुक किंचित बदलणाऱ्या वाणांना केंद्राने मार्च 2022 मध्ये जीएम पिकांच्या नियमांतून वगळलं. मे 2025 मध्ये भारतीय कृषी संशोधन परिषदेने ‘कमला’ आणि ‘पुसा डीएसटी राइस 1’ ही जनुक-संपादित धानाची दोन वाणं जाहीर केली. पहिलं लवकर आणि जास्त पिकणारं, दुसरं खारवट आणि कोरडी जमीन सोसणारं. एनरॅम्प-5 सारखं एखादं जनुक बंद करणं याच चौकटीत बसतं, चीनमध्ये 2017 मध्येच ते करून झालं. एचएमटीसारख्या बारीक वाणात हे व्हावं अशी मागणी विदर्भातून जायला हरकत नाही. पण आपल्या दाण्यात कॅडमियम आहे की आर्सेनिक, की दोन्ही नाही, हेच माहीत नसताना मागणी तरी कशाची करणार? जनुकं निवडायला आधी शत्रू ओळखावा लागतो.

तोवर घरात करता येण्याजोगी एक गोष्ट आहे. भरपूर पाण्यात भात शिजवून मांड काढला तर असेंद्रिय आर्सेनिकचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक निघून जातो. अट एकच, पाणी स्वच्छ हवं. पाण्यातच आर्सेनिक असेल तर भात ते उलट शोषून घेतो, आणि उसना करताना गिरणीत वापरलेल्या पाण्यालाही हेच लागू. मांड काढायची रीत झाडीपट्टीत जुनी. तो फेकायचा की प्यायचा, यावर मात्र घरोघरी मतभेद होतील.

मोजणी करायचीच झाली तर ती कुठे करायची हे ठरवणं महत्त्वाचं. गोंदियाच्या गिरणीत जाऊन तांदळाचा नमुना उचलणं सगळ्यात सोपं आणि सगळ्यात निरुपयोगी. दिवाळी उलटली की आधारभूत खरेदी केंद्रांवर पोत्यांच्या थप्प्या लागतात. देवरीचं धान, सालेकसाचं धान, तलावावरचं आणि बोअरवरचं, सगळं एकाच थप्पीत जातं, भरडाईला एकाच गिरणीत जातं आणि एकाच शिक्क्याच्या पोत्यात भरून बाहेर पडतं. त्यानंतर कुठल्या बांधीने काय आत घेतलं होतं हे कुठलंही यंत्र सांगू शकत नाही. नमुना घ्यायचा तर कापणी झाल्यावर, पोतं केंद्राच्या काट्यावर चढण्याआधी, बांधीच्या धुऱ्यावरच. मूठभर धान, त्याच बांधीतली मूठभर माती आणि पाण्याची एक बाटली, तिन्हींवर एकच गट क्रमांक लिहून.